पंख्याखाली ठेवलेली होडी

वैतरणा

सांगलीहून बोईसरला कशी पोचले ते सांगत बसत नाही. माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे गाडीत बसण्याचं मला कौतुक नाही. धाकटी बहीण शोभा लग्न होऊन बोईसरला गेली त्याला जमाना झाला, पण मी तिच्याकडे राहायला कधी गेले नव्हते. यंदा श्रावणात गेले त्याला कारण झालं. पालघर आणि बोईसरच्या मध्ये, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेत, देशाच्या वाहतुकीच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय उभं राहिलंय आणि तिथे आमची जुनी लाल गाडी ठेवलीय, असं ती फोनवर म्हणाली. अगदी घंटीच्या दोरीसकट. म्हटलं, जाऊन भेटून येऊ. बरोबरची माणसं एकेक करून गेली, गाडी तरी भेटेल.

जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी मात्र पुन्हा जाणार नाही.

वाटेत वैतरणेच्या पुलावर गाडी मंदावली. खाली खाडी काठोकाठ भरलेली, पाणी चहासारखं गढूळ. काठच्या चिखलात होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर नारळाच्या झापांचं छप्पर होतं. शेजारी एक बाई टोपली सांभाळत बसली होती. तिला विचारलं, "होड्यांना घरं कशाला बांधलीत?"

"पावसाचं शाकारून ठेवायला लागतं, बाय. नारळी पुनवेला उघडायची."

आमच्याकडे पावसाळ्याआधी घर शाकारतात. होडी शाकारणारी माणसं मी पहिल्यांदा ऐकली. तेव्हा गंमत वाटली होती.

बोईसर

शोभाच्या कॉलनीत जिल्ह्याजिल्ह्यातली माणसं आहेत. वरच्या मजल्यावर बीडचे, समोर साताऱ्याचे, कोपऱ्यावरचा भाजीवाला उत्तरेकडचा. भाजी घेताना शोभा हिंदी बोलते आणि घरी आली की तासभर तिच्या मराठीतही "लेकिन" येत राहतं. तिचे यजमान, आमचे विलासराव, कारखान्यात पाळीला जातात. पाळी बदलली की घरातल्यांची झोप बदलते, एवढंच काय ते नवीन घडतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंती आली. ही घिवलीची. घिवली म्हणजे समुद्रकाठचं गाव, तारापूरच्या वीजकेंद्राच्या शेजारी. जयवंती वर्षभर कॉलनीत मासळी विकते. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून सुके बोंबील आणि जवळा. श्रावणात तर गिऱ्हाईकही नसतं, तरी ती यायची, शोभाकडे चहा प्यायला. मी सांगलीची आक्का म्हटल्यावर तिने मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"एकदा घिवलीला जेवायला या. बोंबलाचं कालवण घालते."

"श्रावण आहे माझा," मी म्हटलं.

"दर्यानं दिलेलं खायला कसला आलाय श्रावण?" ती खळखळून हसली.

मी हसले नाही. श्रावण मी लग्नाआधीपासून पाळते. मुक्कामाच्या ढाब्यावर ड्रायव्हर रस्सा ओरपत असताना मी त्याच्या समोर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्लीय. एकदाही मोडला नाही. तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती असं समजा.

उद्या संग्रहालय बघायला जाणार असं शोभाने सांगितलं, तशी जयवंतीने कपबशी खाली ठेवली. हसू पार मावळलं.

"कंडक्टरबाय, तुमी तिथं जाताय तर माझं येक काम करा."

तिचा नवरा हरी. त्याला सगळं गाव तांडेल म्हणतं. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर जाळं पडतं आणि ज्याच्या शब्दावर होडी परत फिरते. त्याच्या होडीचं नाव सोनाई, त्याच्या आईवरून ठेवलेलं. गावात फायबरच्या होड्या आल्या, तशा लाकडाच्या एकेक करून मोडल्या गेल्या. दोन्ही मुलं बोईसरच्या कारखान्यांत लागली. तांडेलचे पाय सुजायला लागले आणि समुद्र सुटला. सोनाई पण मोडायचीच होती. तेवढ्यात संग्रहालयाची माणसं लाकडी होडी शोधत गावात आली. तांडेलने काही न घेता सोनाई देऊन टाकली. क्रेनने उचलली तेव्हा गावाने बेंजो लावून तिला वेशीपर्यंत पोचवली.

"रोज सांजच्याला पडवीत बसतो आन् म्हनतो, समद्यांच्या होड्या चुलीत गेल्या, माझी तेवढी जिवंत हाय. त्येच्यावरच जगतोय तो."

"मग चांगलंच आहे की," शोभा म्हणाली.

"नाय ना जिवंत," जयवंती म्हणाली. "गेल्या साली आमच्या बचत गटाची सहल गेली व्हती. मी बघून आली. फळ्या सुटल्यात. बोट जाईल येवढ्या फटी पडल्यात. घरी येऊन त्याला काय सांगू? म्हटलं, लय छान ठेवलीय, रंग लावलाय."

आणि आता तांडेलने मनावर घेतलं होतं. नारळी पौर्णिमा परवावर आली होती. यंदा पहिला नारळ समुद्राच्या आधी सोनाईला द्यायचा, म्हणून तो उद्या जाणारच होता. मुलांना सुटी नव्हती. मला नाय बघवणार, असं जयवंती म्हणाली. म्हणून मी त्याला बरोबर न्यावं, आगगाड्या दाखवाव्यात, बस दाखवाव्यात, दमवावं आणि होडीपाशी काही जाऊ देऊ नये.

"म्हना शेड बंद हाय. नारळ दारात ठेवायला सांगा. तुमचं ऐकंल, तुमी सरकारी मानूस."

मी हो म्हटलं. कंडक्टरला खोटं बोलता येत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. "मागची गाडी रिकामी येतेय" हे वाक्य मी जन्मभर भर उन्हात उभ्या असलेल्या माणसांना ऐकवलंय, आणि मागे गाडीच नसायची.

संग्रहालय

तांडेल सकाळी कॉलनीच्या फाटकाशी उभा होता. उंच, वाळलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सुजलेल्या पायांत चपला. सूज इतकी की पट्टे कातडीत रुतले होते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत हळद-कुंकू लावलेला नारळ. विलासरावांची पाळी बदलली म्हणून शोभा घरीच राहिली. आमच्याकडे जिला वडाप म्हणतात तशा कोंबलेल्या गाडीतून आम्ही दोघेच गेलो. पाऊस लागलेलाच होता. भातखाचरांमधून कारखान्यांची धुराडी दिसत होती आणि तांडेल काचेला नाक लावून बसला होता.

"तुमी बघितलीत का ओ सोनाईला?"

"नाही काका, मी पण पहिल्यांदाच येतेय."

"लांबनं वळखाल. फुडच्या नाकाडावर चढ हाय तिच्या. तसा चढ कोनाच्या होडीला नाय."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली. "चाचा, नारियल अंदर नहीं जाएगा." मी पुढे झाले आणि माझा ठेवणीतला आवाज काढला. नारळ आत गेला. तेवढा एक विजय मला त्या दिवशी मिळाला.

आत एकापाठोपाठ एक उंच पत्र्याच्या शेडी आहेत. पहिलीत मेणे, पालख्या, डोल्या, खांद्यावरून माणूस वाहायच्या तऱ्हा. दुसरीत बैलगाड्या, छकडे, टांगे. एका टांग्याला प्लास्टिकचा घोडा जुंपलाय आणि त्याच्या तोंडात खरा लगाम आहे. तिसरीत वाफेचं इंजिन, ट्रामचा डबा, मोटारी, पहिल्या जमान्यातल्या स्कुटरी. सगळं पुसून पुसून चकाकतंय. शाळेच्या सहली आल्या होत्या. कशाला हात लावायचा नाही, म्हणून पोरांचे हात बाईंनी मागे बांधायला लावले होते. इतकी वाहनं एका जागी मी आगारातही बघितली नव्हती, पण आगारात निदान एखादीचं तरी इंजिन धडधडत असायचं. इथे सगळ्यांचं बंद. मला प्रसन्न वाटायला हवं होतं. उलट, तिसऱ्या शेडीत मी बाहेरचं दार कुठे आहे ते बघायला लागले.

तांडेल मात्र प्रत्येक गोष्ट नीट बघत होता. इंजिनापुढे उभा राहून म्हणाला, "केवढं लोखंड! येवढं जपतात, तर माझीला पन जपलंच असंल."

मग माझी गाडी आली. लाल, जुन्या आकाराची, समोरचा पत्रा किंचित फुगीर. जवळ गेले आणि वासच आला नाही. डिझेल, भिजलेली छत्री, कुणाची तरी पानसुपारी, खिडकीत ओकलेलं पोर, शेवटच्या बाकड्याखालच्या कोंबड्या, यातलं काही नाही. बाकड्यांवर प्लास्टिकची खोळ. दोरी होती, पण कुणी ओढू नये म्हणून तिचं टोक गाठ मारून वर अडकवलेलं होतं. आख्ख्या नोकरीत ती दोरी मी किती वेळा ओढली असेल. दोन ठोके दिले की ड्रायव्हर गाडी सोडायचा, एक दिला की थांबायचा. एवढ्या माणसांना मी घरी पोचवलं आणि आता माझ्यासाठी ती दोरी बांधून ठेवली होती. मला रडू आलं ते आलंच. तांडेल बाजूला उभा राहिला. मी डोळे पुसल्यावर म्हणाला, "तुमची गाडी बघून झाली. आता माझी."

मी म्हटलं, "काका, होडीची शेड आज बंद आहे. दुरुस्ती चाललीय म्हणे."

"आसं?" तो खाली बघत राहिला. "मंग नारळ?"

"दारात ठेवू. पोचतो तो."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर, अगदी उन्हातल्या त्या माणसांनी ठेवला होता तसा. आम्ही वळलो, तेवढ्यात फाटकावरचा तोच पहारेकरी फेरीवर आला. मघाशी नारळ अडवला म्हणून त्याला वाईट वाटलं असावं. मोठ्या आदराने म्हणाला, "चाचा, नाव वाला शेड उधर है. खुला है. जाइए ना, आराम से देखिए."

तांडेलने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तो त्या सुजलेल्या पायांनी इतका भरभर चालायला लागला, की मला मागून पळावं लागलं.

चौथी शेड

लांबून सोनाई सुरेख दिसली, हे कबूल केलं पाहिजे. लोखंडी चौकटीवर चढवलेली, चकचकीत रोगण, वरून दिवे सोडलेले. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच पंखे घरघरत होते. तांडेल दारातच थबकला. चेहरा असा उजळला की वाटलं, जयवंतीचं काहीतरी चुकलं असेल.

"बगा, बगा नाकाड! सांगितलं नव्हतं?"

समोर पाटी होती. पारंपरिक मासेमारी नौका, उत्तर कोकण किनारा. बाकी काही नाही.

"सोनाईचं नाव लिवलंय ना?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

तो होडीभोवतीची दोरी वाकवून आत शिरला आणि त्याने तिच्या पोटावर तळवा टेकवला. मग तळवा हळूहळू सरकवत नेला, थांबला. फळ्यांच्या सांध्यात त्याचं बोट गेलं. पेरापर्यंत नाही, सगळं गेलं. त्याने डोळा लावला. मीही पलीकडून वाकून बघितलं. एका बाजूने दुसऱ्या बाजूचा दिवा दिसत होता.

रागावेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "तहानली हाय."

मग घरच्या माणसाचं दुखणं सांगावं तसं त्याने मला सांगितलं. लाकडाची होडी कोरडी राहिली की आक्रसते. चार महिने शाकारून ठेवलेली होडीसुद्धा थेट पाण्यात ढकलत नाहीत. आधी तिला पाणी पाजतात. आत ओततात, बाहेरून मारतात, दिवसभर, दुसऱ्या दिवशी परत. लाकूड फुगतं, फळीला फळी भिडते. राहिलेल्या फटीत कापूस आणि राळ. "पानी प्याली की मिटंल. माझ्या बापानं येकदा दोन पावसाळे राहिलेली होडी मिटवली व्हती."

वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. दोन माणसांना एकमेकांचं ऐकू येऊ नये इतका. आणि त्याच्या खाली तिच्या अंगावर पंखे सोडलेले.

भिंतीला आगीसाठी लाल बादल्या टांगलेल्या होत्या. काहींत वाळू, काहींत पाणी. मला अडवायला सुचण्याआधी तांडेलने एक काढली आणि होडीच्या काठावरून आत ओतली. मग दुसरी. आणि मी काय केलं? मी रिकामी बादली घेऊन बाहेर पळाले, पत्र्याच्या पन्हळीखाली धरली आणि भरून आणली. जयवंतीला दिलेला शब्द, माझं वय, काही आठवलं नाही. मला मनापासून वाटलं, मिटेल. त्या जागेत एखादी तरी गोष्ट पुन्हा चालू होईल, असं मला फार वाटलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. पाणी आतच राहिलं. तांडेलने माझ्याकडे बघून बोट वर केलं, थांबा, पितेय.

मग एका सांध्यावर थेंब धरला. मग त्याच्या शेजारी. मग सगळ्याच फळ्यांखालून एकदम पाणी सुटलं, चाळणीत ओतावं तसं, आणि फरशीवर पसरत पसरत दारापर्यंत गेलं. सहलीतली पोरं आनंदाने ओरडली. कुणीतरी मोबाइल वर धरला. तांडेल थांबला नाही. मी आणून देत होते, तो ओतत होता आणि ते निघून जात होतं. पहारेकऱ्याने धावत येऊन आधी पंखे बंद केले, मग तांडेलचा हात धरायला गेला आणि तसाच उभा राहिला. "चाचा," तो हळू म्हणाला, "बस करो. नहीं रुकेगा."

तांडेलने बादली खाली ठेवली. तेवढ्याने मला कळलं की त्यालाही कळलं.

संग्रहालयाच्या अधिकारी मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, बोलायला गोड. त्यांना राक्षसीण करून मला हे लिहिता येत नाही. होडी कुणी दिली हे कळल्यावर त्यांनी तांडेलला खुर्ची मागवली, पाणी मागवलं. तो खुर्चीत बसला नाही.

"पंखे कशाला लावलेत?" त्याने विचारलं.

"लाकडाला ओल लागू नये म्हणून, बाबा. बुरशी धरते ना. खास काळजी घेतो आम्ही."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. खरंच काळजी घेतली होती. रोज, न चुकता, पावसाळाभर त्यांनी तिला काळजीने वाळवलं होतं. आता कुणाला शिव्या घालायच्या, सांगा.

तांडेलने ओले हात शर्टाला पुसले. मग म्हणाला, "मॅडम, मला परत द्या. पान्यात नाय जायाची ती आता. मी मोडून नेतो. आमच्यात मेलेली होडी आशी ठेवत नाय. येक तर दर्यात, नायतर चुलीत. तिच्यावर भात शिजंल, येवढंच."

"अहो बाबा, ती आता संग्रहालयाच्या मालमत्तेत आहे. देशाची आहे. एक फळीसुद्धा काढता येत नाही आम्हाला." आणि त्याला बरं वाटावं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "ती कायमची इथेच राहील."

जवळच्यांची तेरावी-चौदावी बघितली आहेत मी, अपघात बघितलेत. पण त्या "कायमची" शब्दाने तांडेलच्या तोंडावर जे झालं तसं कुठे बघितलं नाही. आत्तापर्यंत होडी गेली होती. आता तिला चुलीतही जाता येणार नव्हतं.

नारळ त्याने ठेवला नाही. पिशवी तशीच काखेला मारून तो चालू लागला. पहारेकऱ्याने पंखे पुन्हा सुरू केले, फरशी वाळायला हवी म्हणून.

घिवली

त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मी घिवलीपर्यंत गेले. तारापूरकडचा रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना वसाहतीची झाडं. तांडेल खिडकीबाहेर बघत होता. मी "काका, शेड बंद आहे म्हणाले ते..." असं सुरू केलं, तर त्याने नुसता हात हलवला, चालायचंच अशा अर्थाने. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गावात उद्याची तयारी चालली होती. किनाऱ्यावर होड्यांवरची झापं काढलेली, फायबरच्या अंगावर पताका, लाउडस्पीकर तपासायला कुणीतरी एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होतं. घरोघर नारळ सजत होते. समुद्र उसळलेला आणि राखाडी, मागे वीजकेंद्राच्या इमारती. पडवीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, "तांडेल, कशी हाय रं सोनाई?"

"हाय," तांडेल म्हणाला.

जयवंती दारात उभी होती. तिने त्याचं तोंड बघितलं, मग माझं, आणि दाराची चौकट धरली. मी मान खाली घातली.

तो पडवीत टेकला. चपला काढल्या. बराच वेळ पाय चोळत बसला आणि मग वर न बघता विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"गेल्या सालापास्नं. सहलीला गेली तवा." तिने चौकट सोडली नाही. "तुमाला तरास नको म्हनून..."

"तवा किती व्हती फट?"

जयवंतीला आधी कळलंच नाही. मग तिने अंगठ्याचं नख बोटाच्या टोकाशी धरून दाखवलं. काल आमच्याकडे ती बोट जाईल एवढी म्हणाली होती. धास्तावलेल्या माणसाला फट मोठी दिसते, किंवा मोठी सांगितली म्हणजे आपण गप्प राहिलो ते बरोबर वाटतं. आता नवऱ्यासमोर तिने खरं माप दाखवलं.

तांडेलने त्या बोटाकडे बघितलं. "तवा सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तवा मिटली असती."

रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, भाव सांगावा तसा. जयवंती खाली बसली. पदर तोंडाला लावला. तिने माणूस जपला होता आणि मॅडमनी लाकूड जपलं होतं, आणि दोघींनी मिळून सोनाई घालवली होती. तो म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग त्याने पिशवीतून नारळ काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"आज कालवनात घाल."

"उद्या पुनव हाय," ती घाबरून म्हणाली. "दर्याचा हाय तो."

"सोनाईचा व्हता. फोड."

जयवंतीने नारळ उंबऱ्यापाशी नेला. उद्या सगळं गाव वाजतगाजत नारळ घेऊन किनाऱ्यावर जाणार आणि ह्या घरातला आज फुटणार होता. एका ठोक्यात दोन भकलं झाली. तिने ती बघितली, हुंगली आणि खोबरं खवायला बसली. खवणीचा आवाज आणि लाउडस्पीकरवरचं तेच गाणं. तांडेल भिंतीला टेकून होता. समुद्राकडे त्याची पाठ होती.

बोंबलाच्या कालवणाचा वास घरभर झाला. माझ्यासाठी तिने वेगळा भात काढला, वर वरण घातलं. रडता रडताही तिला आठवण होती. "तुमचा श्रावण, बाय," ती म्हणाली. तांडेलपुढे ताट ठेवलं, पण तो हात लावीना. सोनाईच्या तेराव्याचंच जेवण होतं ते; आम्ही दोघी बरोबर बसल्याशिवाय तो घास कसा उचलणार, हे मला कळत होतं. आणि जयवंती तर चुलीपाशी पाठ करून बसलेली.

मी वरण-भाताचं ताट बाजूला केलं. "जयवंती," मी म्हटलं, "मला कालवण वाढ. आणि तूही ये इकडे, बस."

तिने वळून बघितलं. मग वाढलं. ती पण बसली. तांडेलने पहिला घास घेतला, मग तिने, मग मी.

नारळ चांगला निघाला होता. गोड.